परवाना टेक्सासचा, नवं घर न्यू जर्सीत

पत्राचा सारांश : पत्रलेखक मूळचे सातारा जिल्ह्यातले, बऱ्याच वर्षांपासून टेक्सासात ऑस्टिनजवळ राहतात. ग्रीन कार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज नुकताच भरलाय. नोकरी बदलल्यामुळे सगळं कुटुंब आता न्यू जर्सीत एडिसनला चाललंय. त्यांच्याकडे ९ मिलिमीटरचं एक पिस्तूल, रानडुकरांच्या शिकारीसाठी घेतलेली आखूड नळीची रायफल आणि तिला लावायचा सप्रेसर (गोळीचा आवाज कमी करणारी नळी) आहे. रायफल आणि सप्रेसरची केंद्र सरकारकडे रीतसर नोंद आहे. ते लिहितात, "दोन गाड्या निघतील. माझ्या गाडीत बायको-मुलं, म्हणून शस्त्रांची पेटी मेहुण्याच्या एसयूव्हीत ठेवीन म्हणतो. तो एच-१बीवर आहे. वाटेत मेरीलँडला मावसबहिणीकडे दोन-तीन दिवस मुक्काम आणि मुलांना वॉशिंग्टन दाखवायचं. प्रवासात फेडरल कायदा संरक्षण देतो असं नेमबाजीच्या रेंजवर सगळेच सांगतात. आमच्या वडिलांकडे परवान्याची बारा बोअर होती, निवडणूक आली की ठाण्यात जमा करायची, तेव्हा नियम पाळायची सवय घरातलीच आहे. सगळं कायदेशीर असताना बायको म्हणते विकून टाका. ताई, तिला कसं समजावू?"

नमस्कार.

बायकोचा विषय शेवटी घेते. आधी मेहुण्याचं बोलू, कारण सगळ्यात मोठा धोका तिथे आहे आणि तुमच्या पत्रात तो एका ओळीत येऊन गेलाय.

पेटी त्याच्या गाडीत ठेवू नका. एच-१बी हा बिगर-स्थलांतरित व्हिसा. अशा व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं ताब्यात ठेवणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे आणि त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काही मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा चालू शिकारीचा परवाना. ताबा म्हणजे हातात धरणं एवढंच नव्हे. ज्या गाडीचं स्टिअरिंग त्याच्या हातात, त्या गाडीतली पेटी त्याच्या ताब्यात, असंच धरलं जाईल. पेटीची किल्ली तुमच्या खिशात असली तर वकिलाला बोलायला जागा मिळेल. पण मेहुण्याचा व्हिसा वकिलाच्या युक्तिवादावर टांगून ठेवायचा कशाला? शिवाय तो कुठल्या व्हिसावर आहे हे माहीत असून तुम्ही पेटी सोपवलीत, म्हणजे तुम्हीही त्याच कायद्यात सापडता. समजा त्याच्याकडे शिकारीचा परवाना असला, तरी रायफल आणि सप्रेसरची नोंद तुमच्या नावावर आहे. तुम्ही शेजारी नसताना त्या वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणं म्हणजे परवानगीविना हस्तांतर, आणि तो वेगळा गुन्हा.

ओघात आलंय म्हणून इतर वाचकांसाठीही सांगते. सुट्टीच्या दिवशी नव्या सहकाऱ्याला किंवा भारतातून आलेल्या पाहुण्याला रेंजवर नेऊन "मार रे दोन-चार फैरी" म्हणायची हौस आपल्या लोकांत बरीच आहे. तिथे भाड्याने घेतलेली बंदूकसुद्धा या कायद्यापुरती ताब्यातलीच बंदूक. समोरचा एच-१बी, एल-१, विद्यार्थी किंवा पर्यटक व्हिसावर असेल आणि अपवादात बसत नसेल, तर फोटो इन्स्टाग्रामवर टाकायच्या आधी नाही, रेंजवर जायच्या आधीच थांबा.

तुमचं ग्रीन कार्डही विसरू नका. शस्त्र बाळगण्याच्या किंवा नेण्याच्या कुठल्याही कायद्याचा भंग झाला आणि दोषी ठरलात, तर तेवढ्यावर हद्दपारीची कारवाई होऊ शकते. तो कायदा केंद्राचा की एखाद्या राज्याचा याने फरक पडत नाही. रेंजवर तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी बहुतेक जन्माने अमेरिकन असणार. त्यांची चूक दंडावर किंवा तुरुंगावर थांबते, तुमची पुढे जाते. तेव्हा त्यांचा धीटपणा उसना घेऊ नका.

आता "सगळं कायदेशीर आहे" या वाक्याकडे येते. कायदेशीर आहे, पण टेक्सासात. वडिलांच्या बंदुकीचा दाखला तुम्ही दिलात, तो या बाबतीत उपयोगाचा आहे, फक्त उलट्या बाजूने. भारतात १९५९ चा शस्त्र कायदा देशभर एकच, आणि परवाना जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की अखिल भारतीय हे त्या परवान्यावरच लिहिलेलं असतं. अमेरिकेत अखिल अमेरिकन असा परवानाच नाही. केंद्राचे १९३४ आणि १९६८ चे कायदे सगळ्यांना लागू, पण प्रत्येक राज्य त्यावर आपापले नियम चढवतं. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून पिस्तूल जवळ बाळगून फिरायला परवानाही लागत नाही. न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याही राज्याचा असा परवाना मानत नाही. तिथे विनापरवाना पिस्तूल बाळगणं हा दुसऱ्या श्रेणीचा गुन्हा, शिक्षा ५ ते १० वर्षं, आणि त्यातले किमान ४२ महिने पॅरोलशिवाय भोगावे लागतात. आजवरचा स्वच्छ इतिहास न्यायाधीशाला पटला तरी त्याचेही हात बऱ्याच अंशी बांधलेले असतात.

रेंजवर ज्या संरक्षणाचं बोलणं चालतं ते खोटं नाही, अर्धवट आहे. १९८६ च्या बंदूकमालक संरक्षण कायद्यातलं हे कलम, ९२६-ए. ते म्हणतं की जिथून निघालात तिथे आणि जिथे पोचायचंय तिथे, दोन्हीकडे ते शस्त्र बाळगणं आणि नेणं तुम्हाला कायद्याने मोकळं असेल, तर मधल्या राज्यातून ते नेता येईल. अट अशी की शस्त्र रिकामं हवं आणि शस्त्र वा गोळ्या बसल्या जागेवरून हाताशी येता कामा नयेत. म्हणजे डिकीत. डिकी वेगळी नसलेल्या गाडीत कुलूपबंद पेटीत, आणि ती पेटी म्हणजे ग्लव्ह बॉक्स किंवा दोन सीटांमधला कप्पा नव्हे, असं कायद्यातच लिहिलंय. टेक्सासात पिस्तूल नेमकं त्याच कप्प्यात ठेवायची सवय असते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तुमचं गणित कुठे चुकतं ते आता दिसेल. न्यू जर्सीत सप्रेसर बाळगायला बंदी आहे. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफलही तिथे सामान्य माणसाला ठेवता येत नाही. पोचायच्या ठिकाणीच या दोन वस्तू बेकायदा असल्याने त्यांच्यापुरतं ९२६-ए लागूच होत नाही. तुम्ही विचार रस्त्याचा केलात. तो करायला हवा होता रस्ता संपतो तिथून.

रायफलसाठी आणखी एक पायरी आहे. नोंदणीकृत आखूड नळीची रायफल राज्याबाहेर न्यायची तर एटीएफ या केंद्रीय खात्याची आगाऊ लेखी मंजुरी लागते, फॉर्म ५३२०.२० वर. फॉर्मला पैसे पडत नाहीत, पण जिथे ती वस्तू बेकायदा आहे तिथे नेण्याची मंजुरी मिळणार नाही. सप्रेसरला हा फॉर्म लागत नाही. यावरून पुष्कळजण अनुमान काढतात की सप्रेसर कुठेही नेता येतो. केंद्राला कळवावं लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. न्यू जर्सीच्या पोलिसांना त्याचं सोयरसुतक नाही.

मेरीलँडच्या मुक्कामाबद्दल एक खरा खटला सांगते. २००५ साली युटाचा एक माणूस विमानाने पेनसिल्व्हेनियाला निघाला होता. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, सामानात रीतसर नोंदवलेलं. न्यू जर्सीतल्या न्यूआर्कला पुढची जोडणी हुकली, सामानाचा गोंधळ झाला, आणि शेवटी बॅग ताब्यात घेऊन त्याला रात्रभर हॉटेलात थांबावं लागलं. सकाळी विमानतळावर परत येऊन त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की बॅगेत पिस्तूल आहे. तिथेच अटक झाली. काही दिवस कोठडीत काढल्यावर पुढे आरोप मागे घेतले गेले, पण त्याने भरपाईसाठी केलेला दावा २०१० मध्ये थर्ड सर्किटच्या केंद्रीय अपील न्यायालयाने फेटाळला. कारण असं दिलं की हॉटेलातल्या त्या रात्री पिस्तूल आणि गोळ्या त्याच्या हाताशी होत्या, त्यामुळे कलमाचं संरक्षण सुटलं. त्या माणसाच्या परिस्थितीबद्दल न्यायालयाला सहानुभूती होती, पण कायद्याच्या शब्दांपुढे तिचा उपयोग झाला नाही. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया दोन्ही याच न्यायालयाच्या अखत्यारीत येतात.

त्याचा मुक्काम नाइलाजाचा होता. तुमचा हौसेचा आहे. मावसबहिणीच्या घरी पेटी आत नेलीत तर प्रवास चालू आहे असं म्हणणं अवघड, आणि बाहेर गाडीत तीन दिवस ठेवलीत तर चोरीची भीती. वॉशिंग्टन शहर तर याबाबत देशातल्या सगळ्यात कडक जागांपैकी एक. शस्त्र गाडीत असताना तिथे जायचा विचारच सोडा. एडिसनजवळ मेट्रोपार्क स्टेशन आहे, तिथून अ‍ॅमट्रॅकची गाडी थेट वॉशिंग्टनला जाते. मुलांना ते जास्त आवडेल असं आपलं मला वाटतं.

मग काय नेता येईल? तिघांतलं फक्त पिस्तूल. तेही न्यायचं ठरलंच तर रस्ता तुमच्या बाजूचा आहे. आय-३० महामार्गाने आर्कान्सा, आय-४० ने टेनेसी, मग आय-८१ ने व्हर्जिनिया. पुढे वेस्ट व्हर्जिनिया आणि मेरीलँड हे दोन्ही तुकडे इतके चिंचोळे आहेत की न थांबता तासाभरात मागे पडतात. नंतर पेनसिल्व्हेनिया, आणि आय-७८ थेट न्यू जर्सीत. रात्रीचे मुक्काम टेनेसी आणि व्हर्जिनियात आटोपा. पेट्रोल, जेवण हेही शक्यतो मेरीलँडच्या आधी किंवा नंतर. न्यू जर्सीच्या हद्दीत शिरल्यावर सरळ घर. तिथला कायदाही रिकामं पिस्तूल बंद पेटीत किंवा डिकीच्या कुलपात न्यायला मुभा देतो, पण वाटेत गरजेपुरतंच थांबा म्हणतो. त्या दिवशी किराणा आणि फर्निचर नको.

मॅगझिन (पिस्तुलात गोळ्या भरायचा कप्पा) आणि गोळ्यांकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्यापासून मॅगझिनची मर्यादा १० गोळ्यांची आहे. तुमच्या पिस्तुलासोबत १५ किंवा १७ चं मॅगझिन आलं असण्याची शक्यता दाट. ते टेक्सासातच विका आणि १० चं घ्या. होलो पॉइंट (पोकळ टोकाच्या) गोळ्या घरी ठेवता येत असल्या तरी त्यांच्या वाहतुकीवर तिथे वेगळी बंधनं आहेत. असतील तेवढ्या निघण्याआधी रेंजवर संपवा. पोचल्यावर ६० दिवसांच्या आत तिथलं बंदूकखरेदीचं ओळखपत्र काढून पिस्तुलाची नोंद करावी लागते. ही तरतूद २०२२ च्या कायद्यांतली आहे. ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे लागतात, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण लागतं, तेव्हा ६० दिवस वाटतात तितके लांब नसतात. आणि ते पिस्तूल घरात ठेवण्यापुरतं. जवळ बाळगून फिरायचं तर वेगळा परवाना.

विमानाने नेता येतं का? येतं. रिकामं पिस्तूल, कुलूप लावलेली टणक पेटी, चेक-इन सामान, काउंटरवर स्वतःहून नोंद. ऑस्टिनहून न्यूआर्कचं थेट विमान घेतलंत तर वाटेतली राज्यंही टळतात. मात्र विमान न्यूयॉर्कला वळवलं आणि सामान हातात द्यायला लागले, तर ती बॅग घेऊ नका. ती पुढे पाठवणं विमान कंपनीला करू द्या. घरसामान नेणाऱ्या मूव्हर्सच्या ट्रकात टाकायचं असेल तर त्यांना आधी लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यावर बरेचजण नाही म्हणतात. न सांगता खोक्यात घालणं हा पर्याय धरूच नका.

रायफल आणि सप्रेसरसाठी तुमच्यापुढे दोन वाटा खऱ्या आहेत, बाकी सगळ्या पळवाटा. पहिली, टेक्सासातच विक्री. परवानाधारक विक्रेत्यामार्फत हस्तांतराचा अर्ज जातो आणि एटीएफची मंजुरी येईपर्यंत वस्तू तुमच्याच नावावर राहते, म्हणून ट्रक बोलावण्याच्या कितीतरी आधी हे सुरू करा. १९३४ पासून या हस्तांतरावर २०० डॉलर कर होता. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसर आणि आखूड नळीच्या रायफलींवर तो शून्य झालाय, त्यामुळे गिऱ्हाईक मिळणं सोपं जावं. दुसरी वाट, वस्तू टेक्सासातच ठेवणं. बँकेचा लॉकर चालेल. मित्राच्या घरी ठेवायच्या तर कुलूपबंद खोलीत किंवा पेटीत, जिची किल्ली फक्त तुमच्याकडे असेल. मित्राकडे नोंदणीची प्रत आणि तुमचं पत्र असू द्या. मित्राच्या कपाटात नुसत्याच ठेवल्यात तर मघाशी म्हटलं तेच, परवानगीविना हस्तांतर. मग वर्षातून एकदा टेक्सासला जाऊन शिकार करा. हे खर्चिक आहे, पण कायद्यात बसतं.

"आखूड नळी काढून १६ इंची लावली तर?" हा प्रश्न रेंजवर कोणीतरी सुचवेलच. केंद्राच्या नियमापुरतं त्याने काम भागतं. पण तुमची रायफल एआर-१५ घाटाची (लष्करी धाटणीची अर्धस्वयंचलित) असेल तर न्यू जर्सीत १९९० पासून त्या जातीच्या शस्त्रांवरच बंदी आहे. न्यायालयात त्याविरुद्ध लढे चालू आहेत. उद्या काय निकाल लागेल त्याच्या भरवशावर आज हद्द ओलांडू नका.

आता बायकोबद्दल. तिला कसं समजावू, असं विचारलंत. ती नेमकं काय म्हणतेय हे तुम्ही विचारलंय का? तुमच्या पत्रात तिचं फक्त एक वाक्य आहे, आणि ते तुम्हाला कायद्याचं अज्ञान वाटलं. मला तसं वाटत नाही. टेक्सासात रानडुकरांचा उच्छाद खरा असतो, तिथे रायफलीला काम होतं. एडिसनला ओक ट्री रोडच्या आसपास घर घेतल्यावर तिचं काय काम? पिस्तूल कशासाठी हवंय, नेमबाजीचा छंद म्हणून, की चोराची भीती म्हणून, की आहे म्हणून आहे? या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे असेल तर तिच्याशी बोलणं सोपं जाईल. नसेल तर "सगळं कायदेशीर आहे" हे उत्तर तिच्या कामाचं नाही, कारण तिने तो प्रश्न विचारलाच नव्हता. घरात मुलं आहेत. भरलेलं शस्त्र त्यांच्या हाती लागलं तर न्यू जर्सीत पालकाला जबाबदार धरलं जातं. घर लागण्याआधी तिजोरी विकत घ्यावी लागेल, ती कुठे बसवायची आणि कोड कोणाला माहीत असेल हे दोघांनी ठरवायचंय. घर भाड्याचं असेल तर करारात शस्त्रांबद्दल काही कलम आहे का तेही वाचा.

माझं मत विचाराल तर रायफल आणि सप्रेसर विका. पिस्तूलही नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत नेऊ नका. विका, किंवा टेक्सासातल्या लॉकरमध्ये ठेवा. एडिसनला वर्षभर राहून पुन्हा हवंसं वाटलं तर तिथल्या रीतीने, ओळखपत्र आणि खरेदीचा परवाना काढून, नवं घ्या. लढायचा हक्क तुम्हाला आहे, पण अर्ज प्रलंबित असताना हक्काची परीक्षा रस्त्यावरच्या ट्रूपरसमोर (राज्य पोलिसासमोर) घ्यायची वेळ बरोबर नाही. तुम्हाला हे भित्रेपणाचं वाटेल. पिस्तूल न्यायचंच ठरवलंत तरी तो गुन्हा नाही, फक्त वर लिहिलेलं सगळं तंतोतंत पाळा. आणि निघण्यापूर्वी न्यू जर्सीत शस्त्र कायद्याचं काम करणाऱ्या वकिलाला तासाभराचे पैसे द्या. हा वकील इमिग्रेशनच्या वकिलापेक्षा वेगळा असतो. तुम्ही दोघांशी बोला. पोलीस ठाण्यात फोन करून मिळालेलं उत्तर न्यायालयात तुमचा बचाव करत नाही.

ज्या वाचकांचं स्थलांतर दुसरीकडे आहे त्यांनी हेच प्रश्न याच क्रमाने विचारावेत: माझी वस्तू तिथे चालते का, मग कोणी न्यायची, मग कोणत्या रस्त्याने. कॅलिफोर्नियात नव्या रहिवाशाला ६० दिवसांत बंदुकांची माहिती राज्याला द्यावी लागते. इलिनॉयला फोइड कार्डासाठी (बंदूकमालकाच्या ओळखपत्रासाठी) तेवढ्याच मुदतीत अर्ज करायचा असतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र अशी पोचल्यानंतरची सवलत गृहीत धरू नका. पिस्तुलाचा तिथला परवाना हाती येईपर्यंत ते राज्यात आणायचंच नाही, म्हणून तिकडे निघालेल्यांनी आपलं शस्त्र जुन्या राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवून मगच सामान बांधायला घ्यावं.